आजाचं पेव

त्याचं नाव मी विचारलं नाही. नव्वद सालाच्या आगेमागे, अणुभट्टीतला विषारी कचरा जमिनीत थोडा खाली पुरायला जागा शोधत तो सरकारी माणूस धुळ्याहून आमच्या गावी आला. माती पाणी अडवते की झिरपू देते हे बघायला चिमूटभर माती थुंकीने भिजवून तळहातावर तिची वात वळायचा, आणि ती तुटेपर्यंत कुणाशी बोलायचा नाही.

मी दुसरीपर्यंत शिकलो, पण माझ्या मातीवर कुणी शंका घेतलेली मला खपत नाही. म्हणालो, "आठे थेंबबी उतरस नही, साहेब! आजानं ज्वारीनं पेव बठ्ठं कोरडं ऱ्हाये."

त्याचा चेहरा उजळला. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "द्या आते आवतन त्या कचराले!" तेव्हा कुठे मी काय बोलून बसलो ते माझ्या ध्यानात आलं.

"ते पेव दाखवा, आबा."

आता माघार कशी घेऊ? आजा जमिनीत खोल खड्डा करून ज्वारी पुरायचा, ती गोठ्यामागची जागा दाखवली. त्याच्या माणसांनी खोदलं, तर नुसती घट्ट चिकणमाती. बाजूला खोदलं, तिथेही तेच.

त्याने हात झटकले. "माती चांगली आहे, आबा. पण आजोबांनी पुरलेलं नातवाला सापडत नाही. आमचा कचरा तीनशे वर्षं कुणी उकरायचा नाही. खाली काय आहे, हे तेव्हा कोण सांगणार?"

माणसं जीपमध्ये घालून तो निघून गेला.

जीप पुन्हा आली नाही. गाव म्हणतं, म्हाताऱ्याने मुद्दाम भलती जागा दाखवून गाव वाचवलं. साफ खोटं. पेव गोठ्यामागेच आहे. त्यांनीच नीट खोदलं नाही.