मुलुंड ते मानखुर्द, अपक्ष

आमच्या घरात जुन्या गोष्टींचा काळ निवडणुकांवरून सांगतात. माझी दहावी पंख्याच्या वर्षी झाली. धाकट्या आत्याचं लग्न शिवणयंत्राच्या वर्षी. अपक्ष उमेदवाराला जे चिन्ह मिळेल ते घ्यावं लागतं. पप्पा दर वेळी होडी मागायचे आणि दर वेळी दुसरंच काहीतरी घेऊन घरी यायचे. मग आई दारातूनच विचारायची, "यंदा काय गावला?"

पप्पा भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडल्यावर ते मुलुंडला एका हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकांना हवा तो रंग कालवून द्यायचं काम करू लागले. पहिल्यांदा उभे राहिले ते त्याच सुमारास. विधानसभेला मुलुंडमधून, लोकसभेला मुलुंडपासून मानखुर्दपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यातून. त्यांची मागणी एकच होती. मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या माणसाला हायवे ओलांडून, मिठागरांच्या कडेने, चालत खाडीपर्यंत जाता यावं आणि तिथे घटकाभर बसता यावं. तोच रस्ता पुढे खाडीकाठाने मानखुर्दपर्यंत जावा.

"एवढंच?" लोक विचारायचे.

"एवढंच," पप्पा म्हणायचे.

लहानपणी ते आजोबांबरोबर खेकडे पकडायला खाडीवर जात. आजोबा गिरणीत होते आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना पाणी बघितल्याशिवाय चैन पडत नसे. गाव कोकणात राहिलं, समुद्र तिकडे राहिला, पण खाडी इथेच होती, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मग मध्ये हायवे रुंदावला, कुंपणं आली, आणि आमच्या बिल्डिंगमधली मुलं खाडी न बघताच मोठी झाली. पप्पांना ही गोष्ट सहनच होत नव्हती.

आईला मात्र ती सहज सहन होत होती. "खाडी बघून पोट भरतला काय?" ती म्हणायची. "तुमका कोण मत देतला?" आणि एवढं बोलून अर्जावर सूचक म्हणून सही करायची.

प्रचाराला मी पप्पांबरोबर जायचे. दुकान दुपारी बंद असायचं, म्हणून आमचा प्रचारही दुपारचा. अशा वेळी उपनगर अर्धवट झोपलेलं असतं. बिल्डिंगचे वॉचमन खुर्चीत मान टाकून बसलेले, वाळत घातलेल्या चादरींतून ऊन झिरपून खाली आलेलं, कुठल्या तरी खिडकीत कुकरची शिट्टी. पप्पांनी स्वतः रंगवलेला कापडी फलक आम्ही दोघं दोन टोकांनी धरून चालायचो. निळ्या रंगाच्या त्यांनी इतक्या छटा कालवल्या होत्या की तो फलक वाऱ्यावर हलला की अक्षरं पाण्याखाली असल्यासारखी दिसत. घोषणा नाही, भोंगा नाही. कोणी खिडकीशी आलं की पप्पा थांबून वर बघत आणि नेहमीच्या आवाजात म्हणत, "खाडी जवळच आहे हो. जाऊया का?"

काही लोक हसून खिडकी लावून घेत. पण एक म्हातारी बराच वेळ गजांना धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्ता? थांबा, चप्पल घालते."

तिला वाटलं, आम्ही तिला न्यायलाच आलोय. पप्पांनी मला फलक गुंडाळायला सांगितला आणि आम्ही खरंच तिला घेऊन निघालो. हायवेपर्यंत पोचलो. समोरून गाड्यांची रांग तुटत नव्हती. पलीकडे मिठागरांवर पांढरं ऊन पसरलं होतं आणि त्याच्याही पलीकडे एक गुलाबी रेघ हलत होती. ते फ्लेमिंगो होते. म्हातारीने कपाळावर हात धरून बघितलं आणि म्हणाली, "बरंय." मग आम्ही तिला घरी सोडून आलो. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या कोणाकडे गेलो नाही, तरी पप्पा खूश होते.

मतं थोडीच पडायची. डिपॉझिट जप्त व्हायचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पप्पा दुकानात आणि मी कॉलेजला. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, "अगं, तुझे पप्पा का उभे राहतात यार?" मी खांदे उडवायचे.

मग होडीचं वर्ष आलं. निवडणूक विधानसभेची होती आणि पप्पांना अखेर होडी मिळाली. पण त्याच वर्षी एका मोठ्या पक्षाने जो उमेदवार दिला, त्याचं नाव आणि आडनाव अगदी पप्पांचंच होतं. यंत्रावर फोटो असतो, पण तो टपाल तिकिटाएवढा. घाईत बटण दाबणारा माणूस नाव बघतो.

दोघं जण पेढे घेऊन घरी आले. एक जाडसर, गोड बोलणारा, दुसरा सारखा फोनमध्ये बघणारा.

"काका, यंदा बसा ना," जाडसर म्हणाला.

"बसलोय की," पप्पा म्हणाले. ते खरंच पलंगावर बसले होते.

"तसं नाही हो. अर्ज मागे घ्या. साहेबांचा घोळ होईल ना. लोकांना काय कळतंय, कुठला कोण ते."

पप्पांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला. तेव्हा तो माणूस पुढे सरकला. "तुमचं ते खाडीचं आहे ना? रस्ता, बाकडी, सगळं. साहेब करून देतील. शब्द."

पप्पांचा चेहरा मी तेव्हा बघितला. झोपेत कोणी हाक मारावी तसा झाला होता. त्यांनी विचारलं, "सभेत बोलतील? सगळ्यांसमोर?"

"बोलतील की! त्यात काय?"

"मग आधी बोलू देत. मी लगेच बसतो."

ते गेल्यावर आईने पेढ्यांचा पुडा उचलून शेजारी देऊन टाकला. परत येऊन ती पप्पांना म्हणाली, "होत असलो रस्ता, तर बसा. मी काय बोलूचंय नाय." इतक्या वर्षांत ती खाडीच्या बाजूने पहिल्यांदाच बोलली होती.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी पप्पा आणि मी निवडणूक कार्यालयाच्या आवारात जाऊन बसलो. दुपारी तीनपर्यंत मुदत होती. आवारात एक मोठा पर्जन्यवृक्ष होता आणि त्याखाली सिमेंटचा कट्टा. पप्पांनी धुतलेला शर्ट घातला होता. वाऱ्याबरोबर बारीक पानं आमच्यावर पडत होती. आत माणसं ये-जा करत होती, मला त्यांचे आवाज लांबून आल्यासारखे ऐकू येत होते. पप्पा म्हणाले, "रस्ता झाला तर दोन्ही बाजूंना झाडं नकोत. मोकळं असायला हवं. नाहीतर पाणी दिसणार नाही." मग थोड्या वेळाने, "बाकडी मात्र लाकडाची." मला पहिल्यांदाच वाटलं की हे होऊ शकतं. आम्ही दोघं त्या कट्ट्यावर बसून तो रस्ता बांधत होतो.

अडीचच्या पुढे फोन आला. जाडसर माणूसच होता. मला शेजारी ऐकू येत होतं. "काका, सभा संध्याकाळी आहे. तुम्ही आधी सही करून टाका ना."

"बोलणं आधी ठरलं होतं," पप्पा म्हणाले.

"विश्वास नाही का तुमचा?"

पप्पांनी फोन कानापासून दूर धरला, माझ्याकडे बघितलं, परत कानाला लावला. "नाही," ते म्हणाले. हा शब्द उच्चारताना त्यांना त्रास झाला. तीन वाजले. आम्ही उठलो आणि घरी आलो.

निकालाच्या दिवशी पप्पांना हजारोंनी मतं पडली. त्यांच्या नावाचे ते साहेब हरले, आणि हरले ते पप्पांना पडलेल्या मतांपेक्षा कमी फरकाने. बिल्डिंगखाली पोरांनी पप्पांच्या नावाने शिव्या घातल्या. जिंकलेल्या बाजूचा कोणीतरी हार घेऊन आला, त्याला आईने जिन्यातूनच परत पाठवलं. पप्पा खिडकीशी बसून राहिले.

"ती मतं माझी नाहीत," ते म्हणाले.

"होडयेक पडली असतील," आई म्हणाली. "कितकी वर्षां मागत होतास."

पप्पा हसले नाहीत. त्या हजारोंमध्ये नेहमीची त्यांची माणसं कुठली, हे आता कधीच कळणार नव्हतं.

आठवड्याने ते हरलेल्या साहेबांकडे गेले. मलाही नेलं. मला वाटलं, दारातून हाकलतील. पण ते बनियनवर बाहेर आले. दमलेले, दाढी वाढलेली. त्यांनी चहा मागवला. पप्पांनी सगळं सांगितलं, पेढे, फोन, कट्टा.

"मला कोणी सांगितलंच नाही हो," साहेब म्हणाले. "सांगायचं ना थेट येऊन! बोललो असतो दोन वाक्यं. बोलायला काय जातं?"

परत येताना पप्पा भराभर पुढे चालत होते. मग रस्त्यातच थांबून म्हणाले, "बरं झालं सही केली नाही."

पुढच्या लोकसभेला ते परत उभे राहिले. या वेळी त्यांच्या नावाचं दुसरं कोणी नव्हतं. चिन्ह फुग्याचं. एव्हाना त्यांचे गुडघे दुखायला लागले होते, मी सुट्टी घेऊन रिक्षाने त्यांना फिरवलं. मतं पूर्वीसारखीच पडली. पप्पांनी केंद्रवार आकडे बघितले आणि मानखुर्दच्या एका केंद्रावर त्यांचं बोट थांबलं. तिथे त्यांना मूठभर मतं होती. आम्ही त्या वस्तीत गेलोच नव्हतो.

"कोण असतील गं?" ते म्हणाले. दोन दिवस त्यांनी हेच विचारलं. मग आम्ही निघालो.

वस्तीत शिरल्यावर पप्पांनी पहिल्याच दारात आपलं नाव सांगितलं. दारातली बाई भांडी घासत होती. घरात बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ताजी फुलं. मूळची मराठवाड्यातली, आता एका शाळेत मदतनीस. ती हात पुसत उठली.

"तुम्ही खाडीवाले ना?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं.

"माझी आई मुलुंडला कामाला होती, त्या घरच्या आजींनी तिला सांगितलं होतं. एक माणूस दुपारी येतो आणि खाडी बघायला चला म्हणतो. आई इथे सगळ्यांना सांगायची. आता ती नाही. पण आम्ही देतो तुम्हाला मत." तिने आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं आणि लगेच म्हणाली, "पण काका, इथलं गटार बघा आधी. पावसाळ्यात घरात येतं. त्याचं पण बोला की."

पप्पा चपला काढून तिच्या उंबऱ्यावर बसले. गटार कुठून येतं, कुठे तुंबतं, सगळं त्यांनी नीट विचारलं. आजूबाजूच्या बायका जमल्या. कोणी तक्रार करत होतं, कोणी नुसतंच ऐकत होतं. पप्पा मान डोलावत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मतमोजणीच्या दिवशी कधी न दिसलेलं काहीतरी होतं.

रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "विधानसभेला जमणार नाही बहुतेक. गुडघे." मग, "पण मानखुर्द लोकसभेतच येतं." आणि घाटकोपर यायच्या आत त्यांना झोप लागली. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, आणि मी रिक्षावाल्याला सांगितलं की घाई नाही, सावकाश जाऊ दे.