साचल्या पाण्यातलं विसर्जन

मंडळी, संस्कृत शिकलेल्या माणसाला चंदीगडच्या मराठी घरांतून दोनदाच फोन येतो: सत्यनारायणाला आणि कुणी गेल्यावर. आजचा दुसरा होता.

सेक्टर तीसमधला माझा मित्र इंग्लंडला मुलाकडे, निखिलकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. वहिनी गुडघ्यांमुळे इथेच राहिल्या होत्या. आज व्हिडिओ कॉलवर विसर्जन झालं: राख निखिलच्या हातात, मंत्र माझ्या तोंडी.

निखिलनं जागा निवडली जुन्या कालव्यावरच्या लॉकची. दोन दारांमधला खोल हौद. पाणी कमीजास्त करून नावा वरखाली नेतात. बाबा रोज तिथे बसायचे म्हणे. राख टाकली, ती जागीच तरंगत राहिली.

"भावजी, पाणी वाहतंय ना हो?" वहिनींनी विचारलं. वाहतं पाणीच हवं, हे त्यांना मीच बजावलं होतं.

"अंकल, एक मिनट," म्हणत निखिलनं तिथल्या एका नाववाल्या बाईंकडून झडप उघडून घेतली. पाणी खाली गेलं. राख मात्र भिंतीला चिकटून पांढरी रेघ झाली.

माझा मंत्र अर्ध्यावर थांबला.

वहिनी स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "राहू द्या भावजी. चला म्हटल्यावर हे कधी लगेच उठलेत?"

मंडळी, यापुढचा मंत्र तुमच्यापैकी कुणाला येतो का?