माय, दोर सोड!

हट्टा या आमच्या गावाहून निघालो तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. हिंगोली जिल्हा झाला तो मी गोव्यात असताना. मी गाव सोडलं आणि माझ्यामागं गावानं जिल्हा सोडला, असं मी गमतीनं सांगतो. वसमतच्या स्टँडवर सोडायला माय एकटीच आली होती. बाप मेंढरं टाकून येणार कसा? एसटीच्या खिडकीची दांडी धरून ती विचारत होती, "समुद्राला वास येतो म्हन, खरं हाय का रे?" मला तरी काय ठाऊक! येलदरीच्या धरणापेक्षा मोठं पाणी मी पाहिलंच नव्हतं.

गोव्यात आधी बांधकामावर राबलो, मग किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये भांडी घासायला लागलो. तिथंच एका दुपारी आभाळात कापडाचं अवाढव्य धूड दिसलं, आणि त्याच्या दोरांच्या ओढीनं फळीवर उभा राहून पाण्यावरून सुसाट पळणारा माणूस. काइटसर्फिंग म्हणतात त्याला. मी घासायचं ताट हातात घेऊन तसाच उभा. हा वळतो कसा, थांबतो कसा, वारा पडला तर बुडत कसा नाही? विचारून विचारून मी रशियन पाहुण्यांचं डोकं खाल्लं. शेवटी त्यांच्यातल्या सर्गेईनं मला कामालाच लावलं. पतंग उडवून द्यायचे, परत आले की धरायचे आणि गर्दी लांब ठेवायची.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखंच पुण्याला, दुबईला गेलेल्यांनो, हे काम तुम्हाला फोनवर कधी नीट सांगता आलं नाही. पाण्यातला माणूस स्वतःच्या डोक्यावर थापटी मारतो, म्हणजे माझा पतंग धरा. जो जवळ असेल त्यानं धावायचं, ओळख असो नसो. पतंगाची पुढची, हवा भरलेली कड मधोमध पकडायची, पतंग उलटा टेकवायचा, वर वाळू टाकायची. दोराला मात्र हात लावायचा नाही, ताणलेला दोर बोटं कापतो. दुपारनंतर वारा समुद्रावरून जमिनीकडं येतो. त्यामुळं हाताबाहेर गेलेला पतंग थेट छत्र्यांत आणि वाळूत खेळणाऱ्या लेकरांत घुसतो.

काही वर्षांनी माय मला न्यायला आली. बापाचे गुडघे गेले होते, मेंढरांमागं फिरणं होत नव्हतं. "लोकायचे पतंग धरून राहिला! हे काय काम व्हय? या बारीला तुला घेऊनच जाते." हो म्हणवत नव्हतं, आणि नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. चार दिवस मी नुसता टाळत राहिलो.

रविवारी किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. माय वाळूत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मराठीत प्रश्न विचारत होती. सर्गेई परत येत होता, त्यानं डोक्यावर थापटी मारली. मी पतंगाखालची लेकरं हटवत होतो, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. पतंग धाडकन वाळूवर आपटून फरफटत निघाला, मागं दोरांना अडकलेला सर्गेई, आणि दोर मायच्या पुढ्यातून सळसळत गेला.

आमच्याकडं कुणाची शेळी दावं ओढत उधळली, तर ती कुणाची हे न विचारता दिसेल तो दावं धरतो. मायनं तेच केलं. झडप घालून दोर धरला.

"माय, दोर सोड!" मी ओरडलो.

"काहून? पळून जाईल की त्याचं!"

सर्गेईनं तिला पाहिलं आणि छातीजवळची लाल कडी ओढली. अडचणीत पतंगापासून सुटका करायचीच सोय असते ती. ओढ मेली, पतंग लोळागोळा झाला. आजूबाजूचे धावले, कुणी पतंगाची कड धरली, कुणी वाळू टाकली. मायचा तळवा चिरला होता. एका बाईनं तो धुतला, दुसऱ्यानं पट्टी बांधली, सर्गेई तर तिच्यापुढं गुडघे टेकून बसला. माय मात्र दुखणं विसरून चौकशीत गुंतली.

"त्यानं सोताचंच काहून सोडलं?"

"तुला लागू नये म्हणून."

"आन् हे धावून आले, ते तुझे कोन?"

"कुणी नाहीत. कित्येकांची नावंही ठाऊक नाहीत."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग हळूच विचारलं, "तू पडलास तर तुलाबी असंच धरतेत का रे?"

"धरतात."

"बराबर हाय," एवढंच म्हणाली.

ती एकटीच परत गेली. त्या वर्षी बापानं मेंढरं विकली. फोनवर मी भीत भीत विचारलं, गावात काय सांगतेस म्हणून. "काय सांगायचं? पोरगं कुठं हाय म्हनले का सांगते, त्याच्या घरी हाय."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. पण ऐकलं आणि शॅकच्या मागं जाऊन ढसाढसा रडलो. गोव्यात कुणी घर कुठं विचारलं, की मी आजही हट्टाच सांगतो. मायला हे अजून बोललेलो नाही.