सलीमच्या उशाचा तरवड

तरवड कुणी लावतं का? माळावर, खडकात आपसूक उगवणारं झुडूप ते. पाणी नको, खत नको. चिंचेसारखी जोडीजोडीनं पानं, वर पिवळ्याधमक फुलांचे झुबके, मग कागदासारख्या चपट्या शेंगा. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. आम्ही काडी मोडून दात घासायचो, डोळे आले की बी उगाळून लावायचो, तेवढाच त्याचा मान. पण शहाबानोचाचीनं तो लावला, आणि तोही कबरीवर.

चाचीचं घर शहाद्यात, गोमाईच्या काठाला, आमच्या भिंतीला लागून. मी तेव्हा नवी सून. तिचा नवरा जब्बारचाचा कातडी कमवायचा. मोटेचं कातडं त्याच्याच हातचं हवं, असं शेतकरी म्हणायचे. बाभळीच्या सालीनं कातडं ताठर होतं, तरवडाच्या सालीनं मऊ राहतं, म्हणून चाची कोयता घेऊन माळावर जायची. झुडूप उपटायची नाही, बुडाशी कापायची. पावसात ते पुन्हा फुटतं.

प्लेगात त्यांचा एकुलता एक मुलगा सलीम गेला. चाची स्वतःच तापात पडलेली. चाचानं पोराला घाईघाईनं पुरलं, आणि ती उठून चालू लागल्यावर तिला एक मातीचा उंचवटा दाखवला. शेजारी तसेच कितीतरी. पावसात हे सगळं सपाट होणार, हे तिला कळलं. तिनं उशाशी तरवडाचं बी टोचलं. बाईनं कबरस्तानात जाऊ नये म्हणून ओरडणारे ओरडले, तिनं ऐकलं नाही. मेंदी लावली असती तर शेळ्यांनी खाल्ली असती, म्हणाली. खरंच होतं. पण ज्या घराचा कोयता तरवडावरच चालतो, त्या घरानं तरवडाचीच खूण करावी? मला बाई ते तेव्हाच खटकलं होतं.

उंचवटे सपाट झाले. सलीमच्या उशाला मात्र चांगली जाळी माजली.

मग साहेबाची लढाई लागली. शिपायांच्या बुटांना कातडं हवं, म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी सगळा माळ खरवडून नेला, मेल्यांनी मुळंसुद्धा ठेवली नाहीत. कबरस्तानात तेवढे शिरले नाहीत. त्याच उन्हाळ्यात कळसाडीच्या दलपतची मोट फाटली. सगळी वस्ती त्याच्या विहिरीवर पाणी प्यायची. त्यानं आपल्या मेलेल्या म्हशीचं कातडं चाचाकडे टाकलेलं होतं. चाचानं चुना लावून केस काढले, पिशवीसारखं शिवून, सालीचा कूट आणि पाणी भरून टांगलं. शेवटच्या भरणीला साल उरली नाही. तशीच राहिली असती तर पिशवी सडली असती.

दलपत आला तेव्हा मी दारातच धान्य निवडत होते. चाचा मान खाली घालून पिशवी परत न्यायला सांगू लागला, “कातडं लई जाय भाऊ. साल नही शे.”

दलपत ओट्यावर बसून राहिला. चाची आतल्या दारात उभी होती. साल कुठे उभी आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. चाचानं बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. माणूस कठोर वाटायचा, पण तेवढं त्याच्या तोंडून निघालं नसतं.

चाचीनंच आढ्यातला कोयता काढला.

“झाड मन्हं शे,” म्हणाली, “मीच कापसू.”

उन्हात तिनं सगळी जाळी कापली. भारा उचलवेना, म्हणून दोरीनं बांधून कबरस्तानापासून दारापर्यंत फरफटत आणला. वाळक्या शेंगा फुटून वाटेभर सांडल्या. मी तिला बोललेही, की सगळीकडे हा काय कचरा केला म्हणून. जीभ झडली नाही माझी! चाचानं साल सोलायला पहिली फांदी घेतली आणि तशीच खाली ठेवली. मग दोघांनी मिळून सोलली.

मोट झाली, दलपत घेऊन गेला. चाची म्हणत होती, पाऊस पडला की बुडख्यांना फुटवा येईल. पण जळणाच्या टंचाईत कुणीतरी बुडखेही खणून नेले आणि खड्डा बुजवून टाकला. ती गेली तर नुसती जमीन. त्या दिवशी भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकलं. चाचालाही आता नेमकी जागा सांगता येईना.

पाऊस लागला. श्रावणाच्या सुमाराला मी अंगण झाडत होते, तर चाचीच्या उंबऱ्यापाशी तरवडाची दोन पानं वर आलेली. पुढे आणखी एक रोप. मी झाडू टाकून तिला हाक मारली. पायवाटेच्या कडेनं, गल्ली ओलांडून, कबरस्तानाच्या आतपर्यंत कोवळ्या रोपांची ओळ गेली होती. चाची वाकून एकेक बघत पुढे, मागे चाचा, त्याच्या मागे मी.

जिथे ओळ संपली तिथे ती बसली. जमिनीवर हात ठेवला.

“आठे शे मन्हा सलीम.”

चाचा तिच्याशेजारी बसला. प्लेगानंतर मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. आणि ज्याला मी कचरा म्हटलं होतं, त्यातलं एकही रोप पुढे मी आमच्या कुणाला तुडवू दिलं नाही.