दगडाच्या पोटातले रंग

घरात तिला सगळे 'दगडफोडी' म्हणत, आणि ही पदवी बहाल केली होती सासूबाईंनी. सून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दगडांचे काप काढायची. करवतीने चकती कापायची, ती काचेवर चिकटवायची आणि ओल्या खरखरीत भुकटीवर घासत घासत केसापेक्षा पातळ करायची, उजेड आरपार जाईल इतकी. हात जरा जड पडला की काप पाण्याबरोबर वाहून गेलाच म्हणून समजा.

"दिवसभर घासून मिळवलंस काय? नखांत चिखल!" सासूबाई म्हणायच्या. त्यांनी जन्मभर कपडे शिवले होते. ज्यातून अंगात घालायला काही निघत नाही, ते त्यांच्या लेखी काम नव्हतंच.

मग त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी शेवटचं तपासून सोडलं, तेव्हा परतीच्या वाटेवर सून भीतभीतच म्हणाली, "आई, जरा माझ्या कामावर येता? वाटेतच आहे."

"चल बाई. नव्या डोळ्यांनी दगडही बघून घेऊ."

सुनेने काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. सासूबाईंनी डोळा लावला आणि दचकून मागे सरकल्या.

"अगं, हा कुणाचा झंपर कापलास?"

गुलाबी, निळे, शेंदरी तुकडे आणि मधूनच काळ्यापांढऱ्या पट्ट्या. सुनेने खालची चकती फिरवली तसे रंग विझले, पुन्हा पेटले.

"साधा काळा दगड आहे, आई. गाळलेल्या उजेडात असा दिसतो. आता हा बघा, लाव्हाचा."

"यात तर नुसता बारीक चुरा आहे!"

"बाहेर येऊन भराभर निवला ना, कणांना वाढायला वेळच मिळाला नाही. आधीचा जमिनीखाली सावकाश निवला, म्हणून त्याचे कण मोठे. माल दोघांचा एकच."

"म्हणजे एका पोटची दोन भावंडं. माझा धाकटा तापला की लगेच निवतो. तुझा नवरा बसतो आठवडाभर धुमसत."

सुनेला हसू आवरेना.

"आणि अगदीच झटकन निवला तर?"

"मग कणच नाहीत, नुसती काच. हा बघा."

"काळोख आहे गं!"

"काच अशीच दिसते इथे. रंग उठतात ते कणांमुळेच."

त्या रविवारी सकाळी दारात ठोकाठोक सुरू झाली. नवरा तोंडात ब्रश तसाच धरून धावला. सासूबाई हातोडीने दाराची काळी पायरी फोडत होत्या.

"आई, हे काय चालवलंयस?"

"कोपराच घेतेय. घरात जाणकार असताना हा दगड कसला ते मी काय बाहेर विचारत फिरू?"

तो तुकडा घासताना सुनेचा हात जरा जड पडला. पहिला काप वाहून गेला. दुसरा टिकला. सासूबाई स्वतः प्रयोगशाळेत आल्या, स्टुलावर चढून बसल्या आणि बराच वेळ डोळा लावून राहिल्या.

"मोठे कण," त्या शेवटी म्हणाल्या. "हा घाईतला नाही."

"अगदी बरोबर, आई. खूप खोलवर, निवांत निवलाय."

सासूबाईंनी सुनेच्या पाठीवर थाप मारली. अशी थाप त्या फक्त उत्तम बसलेल्या कपड्यावर मारत.

नंतर मुलगा कोपरा भरायला सिमेंट घेऊन आला, तर त्याला त्यांनी पिटाळूनच लावलं. आता पायरीवर चिखलाचे बूट चालत नाहीत. आणि पाहुण्याने चुकून विचारलं, "हा कोपरा कसा उडाला?" तर त्याची अर्धी सकाळ गेलीच.