लेकीला काय सांगायचं

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून अ‍ॅमस्टरडॅमला लागूनच असलेल्या डीमनला आलो. पहिलं वर्ष घरात बसून कंटाळले आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात समाजशास्त्राला नाव घातलं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. त्या सत्रात एक विषय होता, क्रांत्या का होतात. वर्गात सगळी विशीतली मुलं. तिशी ओलांडलेली मी आणि पन्नाशीला टेकलेली एक इराणी बाई, आम्ही आपसूक शेजारी बसू लागलो. ती आमच्याच इमारतीत राहायची, हे मेट्रोत कळलं.

"हाच विषय का घेतलात?" मी विचारलं.

"लेकीसाठी. ती इथे वाढली. परवा म्हणाली, तुम्ही लोक रस्त्यावर उतरलात म्हणून आपल्याला देश सोडावा लागला. का केलंत असं? मला उत्तरच देता येईना."

कॉलेजात असताना ती इराणच्या शहाविरुद्धच्या मोर्च्यांत होती. राजवट कोसळली, आणि नव्या सत्तेने तिच्याच मित्रांना तुरुंगात टाकलं. ती नवऱ्याबरोबर कशीबशी निसटली.

आम्हा दोघींना मिळून वर्गात मांडणी करायची होती. तयारीला ती माझ्या स्वयंपाकघरात यायची. मी पोहे करायचे. काही अभ्यासक म्हणतात, माणसं अगदी गांजलेली असताना उठत नाहीत. दिवस जरा बरे येतात, आशा वाढते आणि मध्येच सगळं अडतं, तेव्हा उठतात.

"माझे वडील!" ती म्हणाली. "घर बांधायला काढलं आणि सिमेंटच मिळेना. त्याआधी राजकारणावर चकार शब्द बोलले नव्हते."

दुसरं मत वेगळं होतं. लोकांचा राग नेहमीचाच. राज्य आतून पोखरलं जातं, वरचे आपसांत भांडतात, सैन्य गोळी झाडायला कचरतं, तेव्हाच सत्ता पडते. हे वाचून तिने बशी बाजूला सारली.

"म्हणजे मी घरी बसले असते तरी झालंच असतं?"

"यांच्या मते, बहुधा हो."

"मग मला हायसं वाटायला हवं. इतकी वर्षं अपराधी वाटत होतं." तिने पुस्तक मिटलं. "पण मग आम्ही कुणीच नव्हतो का गं?"

मी तिची बशी परत तिच्यापुढे सरकवली आणि जवळ बसले.

मांडणी तिने छान केली. शेवटी एका मुलाने विचारलं, "यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही थोडं थोडं," ती म्हणाली. "पण मोर्च्याला निघाले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

पुढच्या रविवारी तिने मला जेवायला बोलावलं. जेवताना तिने लेकीला आमच्या मांडणीतलं सगळं सांगितलं, फारसीत. लेक डचमध्ये बोलायची, आणि तेवढं डच मला कळायला लागलं होतं.

"देशाचं कळलं मला," मुलगी म्हणाली. "पण तुझं काय? तुला भीती नाही वाटली?"

आई हसली, मग हातातला घास तिने ताटात ठेवला. ती बोलू लागली तशी मुलीने खुर्ची तिच्याजवळ ओढली. मला शब्द कळत नव्हते. मुलगी मात्र मध्ये मध्ये थांबवून काहीतरी विचारत होती, आणि आता तिच्या बोलण्यात अडखळत का होईना, फारसी येत होती.