चाकणची पाच पांढरी रोपं आणि माझी लाल रिबन

फेब्रुवारीत पुन्हा चाकणला जायचं, हे मी नोव्हेंबरमध्येच ठरवून टाकलं होतं. गेल्या गुरुवारी निघाले. भोसरीच्या ज्या कारखान्यात पप्पा क्वालिटी तपासणीचं काम करतात, त्याला गुरुवारी सुट्टी असते. मी डबा भरत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "चाकणला ना? गाडीवर सोडतो की."

"नको. मला तिथे वेळ लागेल. तुम्ही उन्हात उभे राहून काय करणार?"

"तू काय करतेस ते बघेन."

"कंटाळाल पप्पा. ते झाडांचं आहे सगळं."

ते हसले आणि पेपर उघडून बसले. नोव्हेंबरमध्येही आमचं जवळपास असंच बोलणं झालं होतं.

आमच्या काळेवाडीहून चाकणला जायचं असेल तर सकाळी सातच्या आत निघा. पिंपरीपर्यंत शेअर रिक्षा, तिथून नाशिक फाटा, आणि मग भोसरी-मोशीवरून चाकणची बस. मोशीच्या पुढे ट्रेलरच्या रांगा लागल्या की एक तासाचे दोन कधी होतात कळत नाही. पाणी घरून न्या. तळेगाव चौकात उतरल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे आणि चहा चाळीस रुपयांत होतो. पोहे बरे असतात, शेव मागून घ्यावी लागते.

तिथून पुढे कंटेनर यार्ड आहे. परदेशातून आलेली यंत्रं लाकडी पेट्यांमधून तिथे उतरतात. कुंपणाच्या बाहेर मोडक्या पेट्यांचा ढीग आणि खडी पडलेली मोकळी जागा आहे. नोव्हेंबरमध्ये रस्त्याकडेच्या तणांची यादी करत मी तिथे पोचले होते. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा प्रकल्प होता तो. गाजरगवताच्या मधोमध पाच पांढुरकी झुडपं दिसली. चाकणमध्ये सगळ्याच झाडांवर धूळ असते, म्हणून मी बाटलीतलं पाणी एका पानावर ओतलं. धूळ वाहून गेली, पांढरेपणा तसाच राहिला. ती लव होती, दाट आणि मऊ. पानं तुळशीच्या घराण्यातल्यासारखी समोरासमोर, पण सुरकुतलेली. देठ बोटांत फिरवून पाहिलं तर चौकोनी.

फोटो पाहून कॉलेजमधल्या मॅडमनी आधी देठ चौकोनी आहे का, ते विचारलं. "हे व्हाइट होअरहाउंड असू शकतं," त्या म्हणाल्या. "पण इथे कसं?"

या झाडाला मराठीत नाव नाही, निदान मला तरी सापडलं नाही. युनानी औषधांत ते फरासियून म्हणून खोकल्यावर वापरतात. मूळचं युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाचं. आपल्या देशात ते काश्मीर आणि पश्चिम हिमालयाच्या कोरड्या उतारांवर आढळतं. ऑस्ट्रेलियात बाहेरून गेलं आणि कुरणांत इतकं माजलं, की तिथे ते उपद्रवी तण ठरलं. फुलाच्या तळाशी जो हिरवा पेला असतो, त्याला दहा वाकड्या आकड्या असतात. त्या लोकरीत अडकतात आणि मेंढ्यांबरोबर बी गावोगाव जातं. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकतं. पेट्यांत यंत्रांभोवती भरलेल्या वाळक्या गवतातून ते चाकणला आलं असेल, हा माझा अंदाज. पण नुसत्या पानांच्या फोटोवर कोणी विश्वास ठेवत नाही. फुला-फळांसकट फांदी दाबून, वाळवून कागदावर चिकटवली, तरच नोंद होते. मॅडम म्हणाल्या होत्या, "आत्ता एक फांदी तरी घेऊन ठेव." पाचच रोपं होती, माझ्याने तोडवलं नाही. फुलं आली की एकदाच घेऊ, असं मी म्हणाले. त्या वेळी मला ते फार योग्य वाटलं होतं.

पुन्हा आल्यावर जागा सापडावी, कोणी तुडवू नये, म्हणून प्रत्येक झुडपाला एकेक रिबन बांधली. धाकट्या बहिणीच्या शाळेच्या वेण्यांची, लाल. लाल लांबून दिसते.

गुरुवारी मी पोचले तेव्हा लाल काहीच दिसलं नाही. गाजरगवत होतं तसंच होतं, कमरेएवढं, फुललेलं. त्याच्यामध्ये पाच खड्डे होते.

यार्डच्या फाटकाजवळ झाडलोट करणाऱ्या सुमनमावशी बसल्या होत्या. लातूरकडच्या, पंधरा वर्षं इथेच कामाला. मी विचारलं, "मावशी, तिकडे लाल रिबन बांधलेली झाडं होती ना?"

"होती की. आम्हीच काढली. ऑडिट होतं ना, बाहेरचे साहेब येणार होते."

"मग गाजरगवत का नाही काढलं?"

"त्याला कुठं टॅग होता? सुपरवायझर म्हणले, लाल लावलंय तेवढं काढा. कंपनीत लाल टॅग म्हणजे काढून टाकायचं सामान. आतमध्ये कपाट असो, खुर्ची असो, लाल लागलं की भंगारात." मग त्या माझ्याकडे निरखून पाहू लागल्या. "तुम्ही बांधली होती का? अगं माय! मग लाल कशाला बांधायची बाई?"

 झाडं कुठे टाकली विचारलं, तर ती कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेली होती. "मुळं लई घट्ट होती बघा," मावशी सांगत होत्या, "कुदळ लागली. आन् कडू तर असं, हात धुऊन भाकर खाल्ली तरी भाकर कडू लागायली. दोन दिवस शिव्या दिल्या त्या झाडाला."

क्षणभर मला आनंद झाला. होअरहाउंड तसंच कडू असतं. दुसऱ्याच क्षणी वाटलं, ही नोंद कुठे करायची? मावशींची भाकरी काही कागदावर चिकटवता येत नाही.

त्यांनी पिशवीतून पाचही रिबनी काढल्या. धुऊन, घडी घालून ठेवल्या होत्या. "चांगल्या होत्या, टाकवंनात. नातीला घेतल्या होत्या. घ्या तुमच्या." मी एक घेतली, चार नातीसाठी राहू दिल्या.

दुपारभर मी खडी चाळली. एखादं वाळलं पान, मुळाचा तुकडा, काहीच मिळालं नाही. परतताना सरळ मार्ग सोडून तळेगाव रस्त्याने देहूकडून आले. चाकणहून सहा आसनी रिक्षा मिळते, पण ती भरेपर्यंत सुटत नाही. येलवाडीजवळ मेंढ्यांचा कळप दिसला आणि मी उतरलेच. मेंढपाळबाबांना विचारून एका मेंढीची लोकर चाचपू लागले.

"काय हुडकतीया पोरी, गोचीड?"

"एका झाडाचं बी, बाबा. चाकणच्या यार्डापाशी मेंढ्या नेता का?"

"न्हाई बा. तिथला वाचमन काठी घिऊन पळतो. आमची मेंढरं परवडली, त्यो न्हाई." त्यांनी लोकरीतून एक काटा ओढून माझ्या हातावर ठेवला. "ह्यो चालंल का?"

गोखरू होतं. मी थँक्यू म्हणाले. ते हसले. "घिऊन जा, लई हाय आमच्याकडं."

देहूत इंद्रायणीच्या घाटावर बसून डबा खाल्ला. बसल्या बसल्या मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. "कदाचित पसरलं असतं तर त्रासच झाला असता," म्हणाल्या. "पण आता आलं होतं की नाही, हेच आपल्याला सांगता येणार नाही."

घरी पोचले तेव्हा पप्पा दारातच गाडी पुसत होते. माझ्या हातात रिबन दिसली. "ही कुठली?"

मी सांगितलं. पूर्ण सांगायचीही गरज पडली नाही. "झाडाला बांधली होती" एवढंच मी म्हणाले आणि त्यांचा फडका थांबला.

"लाल?"

"हो."

"चाकणला? कंपनीच्या कुंपणाला लागून?"

मी मान हलवली. कारखान्यात रोज अशाच खुणा लावतात ते. लाल म्हणजे बाद, हिरवं म्हणजे पास. "पिवळी बांधायची गं," ते हळूच म्हणाले. "पिवळी म्हणजे होल्ड. तपासणी बाकी आहे, तोवर हात लावायचा नाही. पिवळ्याला साहेबसुद्धा हात लावत नाही."

कुंपणाजवळ काम करणार असाल, तर वाचकहो, पिवळी न्या. आणि एखादी फांदी वेळेवर घ्या.

चहा झाल्यावर पप्पा चष्मा लावून शेजारी बसले. "दाखव तरी, कसलं झाड होतं." मी मोबाइलवर नोव्हेंबरचे फोटो काढले. त्यांनी बोटांनी चित्र मोठं केलं, कारखान्यात एखादा जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, तपासतात तसं एका कडेपासून पाहत गेले. "देठ चौकोनी आहे?" त्यांनी विचारलं. मॅडमनीही पहिला प्रश्न हाच विचारला होता. मी सांगू लागले, लवेबद्दल, दहा आकड्यांबद्दल, मेंढ्यांबद्दल. ते ऐकत होते, कंटाळले नाहीत.

पुढच्या फोटोत रिबन होती. मधोमध, लालभडक. तीन महिने तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, आणि तीन महिने रोज संध्याकाळी पप्पा घरीच होते.